दुधाचे वाटेकरी

शेण ह्या शब्दाविषयीं मराठी भाषेचें मन दुहेरी आहे. सणावाराच्या दिवशीं अंगणांत शेणाचा सडा पडल्याशिवाय रांगोळीस हात लागत नसे. आणि त्याच घरांत कोणी नीच कृत्य केलें, तर ‘त्यानें शेण खाल्लें’ असें म्हणत. ज्या पदार्थानें देवघर सारवावें त्याच पदार्थाच्या नांवानें मनुष्याला हिणवावें, हा प्रकार वरवर पाहतां विसंगत दिसतो. परंतु थोडा विचार केला म्हणजे त्यांत एक मर्म आहे असें आम्हांस वाटतें. शेण जमिनीवर शोभतें, मुखांत शोभत नाहीं. अर्थात् शुचिता किंवा अशुचिता वस्तूच्या अंगीं नसून तिच्या जागेंत आणि तिच्या प्रमाणांत आहे. आपल्या आज्यांना हें सांगावें लागत नव्हतें. आपणांस मात्र त्याचा विसर पडला आहे, आणि त्या विसरण्यांतून जो प्रश्न आज जगापुढें उभा राहिला आहे त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

गुराढोरांच्या शेणामुतानें नद्या, विहिरी व हवा बिघडतात, आणि पृथ्वीचें उष्णतामान वाढण्यासहि त्याचा कांहीं हातभार लागतो, हें आतां सर्वमान्य झालें आहे. त्यावरचे उपायहि शास्त्रज्ञांनीं शोधून काढले आहेत. पण ह्या दोषाचा धनी कोण, आणि त्याचें परिमार्जन कोणीं करावें, हा प्रश्न प्रयोगशाळेंत सुटण्यासारखा नाहीं. तो नीतीचा प्रश्न आहे. आणि ज्यांच्या घरांत रोज सकाळीं दुधाची पिशवी येते, त्या आपणां सर्वांचा तो प्रश्न आहे.

प्रथम दोषाचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. जनावर जें खातें त्यांतील नत्राचा थोडाच भाग दुधांत किंवा मांसांत उतरतो. बाकीचा शेणामुतावाटे बाहेर पडतो. मूत्रांतील युरियाची शेणाशीं गांठ पडली कीं लवकरच अमोनिया सुटूं लागतो. कोंदट गोठ्यांत शिरतांच जो उग्र दर्प नाकांत भरतो तो ह्याचाच. हा अमोनिया वाऱ्याबरोबर जाऊन रानांत व तळ्यांत उतरतो, आणि जेथें नत्र नको तेथें नत्राची खैरात करतो. जो नत्र शेतांत राहतो त्यांतला पिकानें न घेतलेला भाग नायट्रेट होऊन पावसाच्या पाण्याबरोबर विहिरींत झिरपतो. पाण्यांत त्याचें प्रमाण फार वाढलें तर तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते. आणखी एक अल्प भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेंत जातो. वजनास वजन घेतलें तर शंभर वर्षांच्या हिशेबानें हा वायु कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७३ पट उष्णता वाढवितो. शेवटचा मिथेन, त्याचा जोर त्याच हिशेबानें सुमारें २७ पट. शेण पाण्यांत कालवून, हवा न लागेल अशा खड्ड्यांत सांठविलें म्हणजे मिथेन मुबलक होतो; कोरड्या व हवा खेळत्या ढिगांत तो फार कमी होतो.

बारा वर्षांनीं उकिरड्याचाहि पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. योगायोग असा कीं, मिथेन हवेंत सरासरी सुमारें बारा वर्षेंच टिकतो. म्हणजे आज जो हात आवरील त्याला त्याचें फळ स्वतःच्या हयातींत पाहावयास मिळेल. नायट्रस ऑक्साइडची गोष्ट निराळी. तो शंभर वर्षांहून अधिक काळ राहतो. त्याचें ओझें आपण नातवंडांच्या नातवंडांवर टाकतों. एकाच उकिरड्यांतून निघालेल्या ह्या दोन वायूंपैकीं एक आपल्याच पिढीला जाब विचारतो, आणि दुसरा ज्यांना तोंड उघडून जाब विचारतां येत नाहीं अशांवर जाऊन पडतो. नीतीच्या दृष्टीनें दुसरा अपराध अधिक गंभीर होय.

हा दोष पूर्वीं कां नव्हता? ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना जुन्या काळाचे पोवाडे गाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गोठा आणि शेत ह्यांत पूर्वीं हाकेचें अंतर असे. जितकी वैरण तितकीं गुरें, जितकीं गुरें तितकें खत, आणि जितकें खत तितकें पीक, असा तो हिशेब होता. धनगर आपला कळप घेऊन गांवाजवळ आला म्हणजे शेतकरी त्याला धान्य देऊन चार रात्री आपल्या शेतांत मेंढ्या बसवी. लेंड्या आणि मूत्र जेथें पडावयाचें तेथेंच पडे. ही चाल आजहि मोडलेली नाहीं. परंतु हा सारा जमाखर्च आपल्या पूर्वजांच्या सात्त्विकतेनें जुळत होता असें नाहीं. टंचाईनें जुळत होता. शिवाय त्यांत उणिवाहि होत्या. उघडा उकिरडा पावसांत भिजे आणि त्याचें सत्त्व ओढ्याला जाई. अर्धें शेण गोवऱ्या होऊन चुलींत जळे. १८९३ सालीं हिंदुस्थानच्या शेतीविषयीं आपला अहवाल प्रसिद्ध करणारे डॉ. व्होल्कर ह्यांनीं ह्या बाबतींत मोठा न्याय केला. शेतकरी शेण जाळतो तें अज्ञानानें नव्हे, सरपण मिळत नाहीं म्हणून, असें त्यांनीं बजावलें, आणि उपदेशाऐवजीं सरपणाच्या झाडांची लागवड सुचविली. दोष देण्यापूर्वीं अडचण पाहावी, हा त्यांचा धडा पुढील विचारांत आपणांस उपयोगी पडणार आहे.

जमाखर्च बिघडला तो निराळ्या कारणानें. १९१३ सालीं जर्मनींत हवेंतील नत्रापासून कारखान्यांत अमोनिया तयार होऊं लागला, आणि पुढें त्यापासून केलेलें खत गोणींत भरून कोठेंहि नेतां येऊं लागलें. ह्या शोधानें कोट्यवधि लोकांच्या मुखीं अन्न घातलें; त्याची निंदा करणें हा कृतघ्नपणा होईल. पण त्याचबरोबर शेताला गुरांची गरज उरली नाहीं, आणि गुरांना शेताची. गुरें एकीकडे गेलीं, जमीन दुसरीकडे राहिली. आणि मधल्यामध्यें शेण पोरकें झालें. कालपर्यंत जें धन होतें त्याची आज विल्हेवाट लावण्याची पंचाईत पडली.

मुंबईचें उदाहरण आपल्या डोळ्यांपुढें आहे. शहरांतल्या म्हशी बाहेर न्याव्या आणि नागरिकांना स्वच्छ दूध मिळावें म्हणून १९४९ सालीं गोरेगांवजवळ आरे येथें दुग्धवसाहत वसविण्यांत आली. तरीहि उपनगरांतून तबेले राहिलेच. तेथील म्हशी जो चारा खातात तो बाहेरच्या शेतांतून येतो. शेण मात्र त्या शेतांकडे परत जात नाहीं. दहिसर, पोयसर, ओशिवरा ह्या नद्यांत तबेल्यांचें शेण वाहून जातें, ही तक्रार मुंबईकरांच्या परिचयाची आहे. इकडे नदी शेणानें गुदमरते, आणि तिकडे ज्या रानांतून वैरण आली तेथला शेतकरी युरियाची गोण विकत घेतो. ह्या दोन दृश्यांमधली तुटलेली सांखळी डोळ्यांपुढें आणली म्हणजे आमच्या म्हणण्याचा अर्थ स्पष्ट होईल.

जें मुंबईंत एका शहराचें झालें तें हॉलंडांत साऱ्या देशाचें झालें. म्हणून त्या देशाकडे पाहिल्यावांचून हा विचार पुरा व्हावयाचा नाहीं. महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा हा मुलूख. तेथें अडतीस लाखांच्या आसपास गाई-बैल आणि सुमारें एक कोटी डुकरें पोसलीं जातात. त्यांच्या खाद्यांतला मोठा भाग समुद्रापलीकडून येतो; ब्राझीलमधील सोयाबीन रॉटरडॅमच्या बंदरांत उतरतें. लोणी आणि चीज परदेशीं जातें. शेण तेवढें तेथेंच राहतें. डच लोक आळशी किंवा बेफिकीर आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. शेणाच्या टाक्या त्यांनीं झांकल्या. पातळ शेणखत वरून न शिंपतां जमिनींत चर पाडून सोडावें असे नियम केले. आणि १९९० च्या मानानें अमोनियाचें प्रमाण निम्म्याहून खालीं आणलें. तरीहि रानें, माळ आणि दलदली बिघडावयाच्या थांबल्या नाहींत. अखेर २९ मे २०१९ रोजीं तेथील राज्यपरिषदेच्या न्यायशाखेनें सरकारची नत्रविषयक योजना रद्द ठरविली. पुढें केव्हां तरी सुधारणा होईल, ह्या भरवशावर आज नव्या गोठ्यांना परवानगी देतां येणार नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता. आमच्या मतें हें केवळ कायद्याचें वचन नव्हे, नीतीचेंहि आहे. उद्यांचें पुण्य आज खर्चीं घालण्याची संवय व्यक्तीला जशी नडते तशीच राष्ट्रालाहि नडते.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत हजारों डच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरांत शिरले. त्यांचें म्हणणें कान देऊन ऐकण्यासारखें होतें. मोठे गोठे बांधा, स्वस्त दूध द्या, असें कालपर्यंत ज्यांनीं सांगितलें, तेच आज आम्हांस गुन्हेगार ठरवितात. दूध सर्वांनीं प्यालें आणि शेण तेवढें आमच्या पदरीं आलें, अशी त्यांची व्यथा होती. आमच्या प्रश्नाचा गाभा येथें आहे. एखाद्या वस्तूचा उपभोग वांटून घ्यावयाचा आणि तिचा मळ मात्र एकाच्याच दारांत टाकावयाचा, ही वांटणी न्यायाची आहे काय? आमचें उत्तर असें आहे कीं, जो दुधाचा वाटेकरी तो शेणाचाहि वाटेकरी. ह्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा परामर्श घेऊं.

पहिला आक्षेप असा कीं, आम्हीं दाम मोजला, आमचें देणें संपलें. परंतु दाम कशाचा मोजला? पेंडेचा, वैरणीचा, मजुरीचा, वाहतुकीचा. नदीचें जें नुकसान झालें त्याचा पैसा त्यांत नव्हता, विहिरीचा नव्हता, हवेचा तर नव्हताच. बाजारांतली किंमत म्हणजे जे हजर होते त्यांच्यापुरता झालेला करार होय. जो गैरहजर होता त्याचें देणें त्यांत फिटत नाहीं. स्वस्त दुधांतला स्वस्तपणा पुष्कळदां कोणाच्या तरी खिशांतून न विचारतां काढलेला असतो.

दुसरा आक्षेप असा कीं, माझा वाटा तो केवढा! एका पेल्याच्या दुधानें आभाळ तापतें काय? एकट्या पेल्यानें तापत नाहीं, हें खरें. पण हाच युक्तिवाद लांच देणारा, कर चुकविणारा आणि रस्त्यांत कचरा टाकणारा करीत असतो. वाटा लहान असला म्हणजे जबाबदारी लहान होते. नाहींशी होत नाहीं. शंभर जणांनीं मिळून एक धोंडा ढकलला तर प्रत्येकाच्या हाताला भार कमी लागतो, पण धोंडा ज्याच्या अंगावर पडतो त्याला तो पुराच लागतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आपल्या देशाकडून घेतला जातो. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें भारतांत सुमारें १९ कोटी २५ लाख गाई-बैल आणि ११ कोटींच्या जवळपास म्हशी होत्या. परंतु त्यांतील बहुतेक जनावरें एक-दोन, दोन-चार अशीं गरिबांच्या दारांत बांधलेलीं आहेत. त्यांच्यापासून निघणाऱ्या मिथेनचा बराच मोठा भाग रवंथ करणाऱ्या पोटांतून येतो. शेणाचा भाग त्या मानानें लहान आहे. पोटासाठीं सोडलेला वायु आणि चैनीसाठीं सोडलेला वायु एका तराजूंत तोलूं नका, असें अनिल अगरवाल व सुनीता नारायण ह्यांनीं १९९१ सालींच जगाला सुनावलें होतें. २०२१ सालीं ग्लासगो येथें मिथेन कमी करण्याची जी जागतिक प्रतिज्ञा झाली तिच्यावर भारतानें सही केली नाहीं. विधवेच्या एकुलत्या एका म्हशीवर सातासमुद्रापलीकडून बोट रोखलें जावें, हें आम्हांसहि मान्य नाहीं. परंतु न्यायाची मागणी आणि कर्तव्यांतून सुटका ह्या दोन गोष्टी एक नव्हत. गरिबाच्या नांवानें मांडलेला दावा गरिबाच्याच पदरीं पडला पाहिजे. शहराजवळ शेंकडों म्हशींचा तबेला मांडणारा धनी, आणि त्याचें दूध घेणारे तुम्ही-आम्ही, ह्यांनीं त्या विधवेच्या पदराआड लपणें शोभत नाहीं.

आतां उपायांविषयीं. ते बहुतेक साधे आहेत आणि त्यांतले कित्येक आपल्या परिचयाचे आहेत. गोठ्याला उतार व मोरी देऊन मूत्र शेणापासून लवकर वेगळें करावें, म्हणजे अमोनिया कमी सुटतो. उकिरड्यावर छप्पर असावें. वैशाखांत खताच्या गाड्या शेतांत रित्या करून ढीग आठवडेच्या आठवडे उन्हांत ठेवण्याची जी रीत आहे ती सोडून, खत पसरल्याबरोबर तें मातींत मिसळावें. मुसळधार पावसाच्या तोंडावर खत टाकूं नये. आणि जितकें पिकाला हवें तितकेंच द्यावें. शेणखत घातल्यावर युरियाची गोण तेवढ्या मापानें कमी करावी. इंदूर येथें १९२४ ते १९३१ ह्या काळांत अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं शेण, काडीकचरा, राख आणि गोठ्यांतली मूत्रानें भिजलेली माती ह्यांचे थर रचून, ते वेळोवेळीं उलथेपालथे करून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धति बसविली. ती सांगणाऱ्या १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड ह्यांच्याबरोबर यशवंत वाड ह्यांचें नांव आहे. ‘इंदूर पद्धति’ म्हणून ती जगभर गेली; आपण तिच्या जन्मस्थानाचे शेजारी असून तिचें नांवहि पुष्कळांस ठाऊक नसतें.

परंतु ह्या उपायांत एक नैतिक धोका लपलेला आहे. त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हवेंत जाणारा अमोनिया अडवून जमिनींत घातला, आणि पिकाला तितका नत्र नको असला, तर तोच नत्र नायट्रेट होऊन विहिरींत उतरतो किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन आभाळांत चढतो. मळ एका खिशांतून काढून दुसऱ्या खिशांत घातला, एवढेंच झालें. गोबरगॅसची गोष्टहि अशीच आहे. १९६० नंतरच्या दशकांत खादी-ग्रामोद्योग आयोगानें त्याचा प्रसार केला, आणि २०१८ मध्यें सरकारनें ‘गोबरधन’ योजना काढली. चुलीच्या धुरांतून बाईचे डोळे वांचावे, गॅसहि मिळावा आणि मागें खतहि उरावें, असा तिहेरी लाभ त्यांत आहे. पण ह्या संयंत्रांत हवा कोंडून मुद्दाम मिथेन तयार केला जातो. तो सारा जळला तर उत्तम. टांकीला चीर पडली, नळी गळूं लागली आणि कोणी पाहिलें नाहीं, तर जें शेण वाळून पडलें असतें तर बरें झालें असतें, असा प्रसंग येतो. उद्घाटनाच्या दिवशीं नारळ फोडणारे पुष्कळ असतात. पांचव्या वर्षीं नळीचा सांधा तपासणारा एखादाच. सत्कृत्य आरंभून अर्धवट सोडणें हें कांहीं वेळां तें मुळींच न करण्याहून वाईट असतें, ह्याचा इतका रोकडा दाखला दुसरा क्वचितच मिळेल.

म्हणून ह्या सर्व उपायांच्या मुळाशीं एकच गोष्ट पाहिजे, आणि ती म्हणजे हिशेब. जमीन जेवढें शेण पचवूं शकते तेवढींच गुरें तिच्या आसऱ्यानें असावींत. किंवा गुरें दूर असलीं तर शेण जमिनीकडे परत नेण्याचा खर्च दुधाच्या किंमतींत धरावा. युरोपांत १९९१ च्या नायट्रेटविषयक आदेशानें, ज्या भागांत पाण्यास धोका आहे तेथें हेक्टरीं वर्षास १७० किलो नत्र एवढेंच शेणखतावाटे घालावें, अशी मर्यादा घातली. आकडा देशपरत्वें बदलेल. मर्यादेचें तत्त्व बदलणार नाहीं. आणि तिच्यामुळें दूध चार पैशांनीं महागलें, तर तें महाग झालें असें न म्हणतां, आजवर तें खऱ्या किंमतीपेक्षां कमी पैशांत मिळत होतें असें म्हणावें. शेतकऱ्यानें छप्पर घालावें, मोरी बांधावी, खत वेळेवर नांगरावें, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार त्यालाच आहे जो त्या छपराचा वाटा देण्यास तयार आहे. हा वाटा गरीब घरांवर पडूं नये ह्याची तजवीज करणें हें सरकारचें काम; ज्यांना तो झेपतो त्यांनीं त्यावर कुरकुर न करणें हें आपलें.

श्रावण सोमवारीं आपल्या घरांतून खुलभर दुधाची कहाणी सांगितली जाते. राजाच्या हुकुमावरून साऱ्या गांवानें घरांतलें दूध न् दूध नेऊन महादेवाच्या गाभाऱ्यांत ओतलें, पण गाभारा भरला नाहीं. कारण घरोघरीं मुलें उपाशी होतीं आणि गोठ्यांत वासरें तळमळत होतीं. मग एक म्हातारी आली. तिनें आधीं घरांतल्यांना जेवूं घातलें, गाईवासरांना तृप्त केलें, आणि उरलेलें खुलभर दूध घेऊन ती देवळांत गेली. तेवढ्यानें गाभारा भरला. लहानपणीं ही कहाणी ऐकतांना तो देवाचा चमत्कार वाटे. आतां वाटतें कीं त्या म्हातारीनें फक्त आपला हिशेब पुरा केला होता. दूध घेण्यापूर्वीं ज्यांचें ज्यांचें देणें होतें त्या प्रत्येकाचें तिनें चुकतें केलें होतें. आज त्या यादींत वासराच्या शेजारीं नदीचें, विहिरीचें आणि अद्याप न जन्मलेल्या मुलांचें नांव घालावें लागेल, एवढाच फरक. तीं नांवें गाळून आपण कितीहि घागरी ओतल्या, तरी गाभारा भरेल असें आम्हांस वाटत नाहीं.